अमेरिकेत फोनवर ‘ब्लू अलर्ट’ आला तर काय करावे : नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे काही महिने राहायला आलेल्या माणसाचा फोन एखाद्या दिवशी अचानक कर्कश आवाजात वाजू लागतो आणि पडद्यावर इंग्रजीतल्या चार-पाच ओळी उमटतात. कुठल्यातरी काउंटीत (म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यात) पोलीस अधिकाऱ्यावर हल्ला झाला आहे, संशयित पळाला आहे, त्याच्या गाडीचा रंग अमुक आणि नंबर अमुक. हा ‘ब्लू अलर्ट’ होय. वादळाचा, पुराचा किंवा हरवलेल्या मुलाचा इशारा काय असतो हे नव्या माणसाला शेजारी आणि सहकारी आवर्जून सांगतात, पण ब्लू अलर्टबद्दल सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे तो पहिल्यांदा येतो तेव्हा काही जण घाबरून दारे-खिडक्या लावून बसतात, काही जण तो पुसून टाकतात, तर काही जण उत्साहाने मराठी मंडळाच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवून देतात. यांपैकी एकाही गोष्टीचा कोणाला उपयोग होत नाही. हा इशारा नागरिकांकडे फक्त डोळे उघडे ठेवण्याची आणि काही दिसल्यास कळवण्याची मदत मागतो. ती मदत नीट आणि स्वतःला धोक्यात न घालता कशी करावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

हा इशारा का सुरू झाला

२० डिसेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे गस्तीच्या गाडीत बसलेल्या राफाएल रामोस आणि वेनजियन लिऊ या दोन पोलीस अधिकाऱ्यांना एका माणसाने जवळ येऊन गोळ्या घातल्या. दोघेही मरण पावले. या माणसाने त्याच दिवशी सकाळी मेरीलँड राज्यातील बाल्टिमोरजवळ आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला गोळी घातली होती आणि पोलिसांना मारण्याची धमकी इन्स्टाग्रामवर टाकली होती. बाल्टिमोर काउंटीच्या पोलिसांना ती धमकी समजली, माणूस ब्रुकलिनच्या दिशेने गेल्याचेही समजले आणि त्यांनी न्यूयॉर्कला फोन केला, त्याच्या माहितीचे पत्रक फॅक्सने पाठवले. मात्र ते पत्रक हातोहात सगळीकडे पोहोचण्याआधीच हत्या घडून गेली होती. माहिती होती, ती कळवण्याची इच्छाही होती, पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ती काही मिनिटांत पोहोचवणारी ठरलेली वाट नव्हती. ब्लू अलर्टची सगळी रचना या एका उणिवेभोवती उभी आहे, आणि ती लक्षात ठेवली की पुढचे नियम आपोआप समजतात.

या दोन अधिकाऱ्यांच्या नावाने केलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी १९ मे २०१५ रोजी सही केली. त्यानुसार केंद्रीय न्याय विभागातील ‘कॉप्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यालयाकडे देशभरातील ब्लू अलर्ट योजनांचा मेळ घालण्याचे काम आले. योजना मात्र प्रत्येक राज्याची आपापली असते. कल्पना २०१४ च्या आधीचीच आहे. टेक्सास राज्याने २००८ मध्येच आपली योजना सुरू केली होती, आणि आज पस्तीसहून अधिक राज्यांत अशी योजना आहे. केंद्राने कोणत्याही राज्यावर सक्ती केलेली नाही, त्यामुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यावर नियमांत थोडाफार फरक पडतो.

राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांप्रमाणे हा इशारा तीन प्रसंगी दिला जातो. पहिला प्रसंग म्हणजे कर्तव्यावर असलेला पोलीस अधिकारी मारला गेला आहे किंवा गंभीर जखमी झाला आहे आणि संशयित अजून सापडलेला नाही. दुसरा प्रसंग म्हणजे अधिकारी कर्तव्याच्या संदर्भात बेपत्ता झाला आहे. तिसरा प्रसंग ब्रुकलिनच्या घटनेतून आलेला आहे : अधिकाऱ्याला ठार मारण्याची किंवा गंभीर इजा करण्याची तातडीची आणि विश्वासार्ह धमकी मिळाली आहे आणि धमकी देणारा मोकळा फिरतो आहे. संशयिताला शोधायचे असेल, तर लोकांना ओळखता येईल इतके त्याचे किंवा त्याच्या गाडीचे वर्णन हाताशी असणे आवश्यक असते, कारण वर्णनाशिवाय दिलेला इशारा लोकांना केवळ घाबरवतो.

राज्यांचे निकष याहून कडक असू शकतात. टेक्सासमध्ये अधिकारी मारला गेलेला किंवा गंभीर जखमी झालेला असावा लागतो, तपास करणाऱ्या यंत्रणेने संशयितापासून जनतेला आणि इतर पोलिसांना मोठा धोका असल्याचे ठरवावे लागते आणि गाडीचे सविस्तर वर्णन किंवा नंबर प्लेटचा निदान काही भाग उपलब्ध असावा लागतो. तेथे इशारा सार्वजनिक सुरक्षा विभाग, म्हणजे ‘टेक्सास डीपीएस’, देतो. कॅलिफोर्नियात स्थानिक पोलिसांच्या विनंतीवरून हे काम ‘कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल’ करते. फ्लोरिडात राज्याचा कायदा अंमलबजावणी विभाग ते करतो आणि तेथील निकषांत बेपत्ता अधिकाऱ्याचाही स्पष्ट समावेश आहे. आपण राहतो त्या राज्यात हा इशारा कोणते खाते देते, एवढे एक नाव शोधून ठेवावे. खऱ्या-खोट्याची शहानिशा करताना आणि इशारा मागे घेतला गेला का हे पाहताना तेच उपयोगी पडते.

पहिली पायरी : फोन आधीच तपासून ठेवा

ब्लू अलर्ट अनेक वाटांनी येतो. हायवेवरील मोठ्या विजेच्या फलकांवर गाडीचा रंग आणि नंबर झळकतो. रेडिओ आणि टीव्हीचा कार्यक्रम मध्येच थांबवून सूचना दिली जाते. यासाठी ‘एफसीसी’ या केंद्रीय दळणवळण आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये ‘बीएलयू’ हा वेगळा संकेत मंजूर केला, आणि रेडिओ-टीव्हीवर तो जानेवारी २०१९ पासून, तर मोबाइलवर जुलै २०१९ पासून वापरण्याची सोय झाली. आपल्याशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो मोबाइलवरील संदेशाचा.

हा संदेश साध्या एसएमएससारखा एकेका नंबरवर पाठवला जात नाही. ठरवलेल्या भागातील मोबाइल टॉवर तो एकाच वेळी सगळ्यांसाठी प्रसारित करतात आणि त्या टॉवरच्या कक्षेत असलेला प्रत्येक सक्षम फोन तो पकडतो, जसे आकाशवाणीचे प्रक्षेपण कक्षेतला प्रत्येक रेडिओ पकडतो. आकाशवाणीला श्रोता कोण हे ठाऊक नसते, तसेच येथेही पाठवणाऱ्याला आपला नंबर, नाव किंवा आपण कुठे आहोत हे कळत नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की व्हिसावर असलेल्या अनेकांना ‘पोलिसांना माझा नंबर कसा मिळाला?’ ही भीती वाटते. ती निराधार आहे. संदेशाला पैसे पडत नाहीत, नोंदणी करावी लागत नाही आणि कॉलच्या गर्दीने नेटवर्क कोंडले तरी तो पोहोचू शकतो. भारतात २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने अशाच तंत्राच्या चाचण्या घेतल्या होत्या आणि महाराष्ट्रातही अनेकांचे फोन त्या वेळी एकदम वाजले होते. तो अनुभव ज्यांना आठवतो त्यांना अमेरिकेतला आवाज फारसा अनोळखी वाटणार नाही. एक लांब सूर आणि त्यामागे दोन आखूड सूर, अशी त्याची ठरलेली चाल आहे आणि फोनचे थरथरणेही त्याच चालीत होते, जेणेकरून ऐकू न येणाऱ्यालाही इशारा ओळखता यावा.

आयफोन असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अगदी तळाशी जावे. तेथे ‘गव्हर्नमेंट अलर्ट्स’ या शीर्षकाखाली अँबर अलर्ट (हरवलेल्या मुलाचा इशारा), इमर्जन्सी अलर्ट आणि पब्लिक सेफ्टी अलर्ट अशी वेगवेगळी बटणे दिसतात. अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या विभागात ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ सापडते. कंपनीप्रमाणे जागा बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी अलर्ट’ असे टाइप करणे सोपे पडते. भारतातून आणलेला फोन वापरत असाल तर त्यात अमेरिकी सिम घातल्यानंतर हे पान पुन्हा एकदा उघडून पाहावे. भारतातले सिम रोमिंगवर ठेवून फिरणाऱ्या पाहुण्यांनी तर आपल्याला हे संदेश येतीलच असे गृहीत धरू नये. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर ते येतात याची खात्री असली म्हणजे पुरे.

आता एका कळीच्या प्रश्नाकडे वळू : हे संदेश बंद करावेत का? ४ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे पाचच्या सुमारास टेक्सासभर ब्लू अलर्ट वाजला. राज्याच्या उत्तर टोकाला असलेल्या हॉल काउंटीत, मेम्फिस नावाच्या छोट्या गावाच्या पोलीसप्रमुखावर गोळीबार झाल्याच्या प्रकरणातील संशयिताचा शोध चालू होता. गाडीने सात-आठ तासांच्या अंतरावर असलेल्या ह्यूस्टनमधली माणसेही त्या आवाजाने झोपेतून उठली. एफसीसीकडे हजारो तक्रारी गेल्या आणि असंख्य लोकांनी त्याच सकाळी फोनवरचे सगळे इशारे बंद करून टाकले. डॅलस आणि ह्यूस्टनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही ही चर्चा झाली असणार. एवढ्या मोठ्या राज्याला पहाटे एकाच वेळी उठवणे मला योग्य वाटत नाही. इशारा जेवढ्या भागात उपयोगी तेवढ्याच भागात द्यावा हे तत्त्व राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांतही आहे, आणि ते पाळले गेले नाही की लोकांचा पुढच्या इशाऱ्यावरचा विश्वास उडतो.

तरीही त्या रागात बटण बंद करणे धोक्याचे आहे. ब्लू अलर्ट मोबाइलवर सहसा ‘तातडीचा धोका’ या वर्गात येतो, आणि चक्रीवादळाचा, अचानक येणाऱ्या पुराचा इशाराही त्याच वर्गात येतो. त्याच टेक्सासमध्ये ४ जुलै २०२५ रोजी ग्वाडलूप नदीला रात्रीतून महापूर आला आणि शंभरहून अधिक माणसे गेली. त्या रात्री राष्ट्रीय हवामान खात्याने केर काउंटीसाठी दिलेला पुराचा इशारा मध्यरात्रीनंतर १ वाजून १४ मिनिटांनी फोनवर गेला होता. ज्याने ब्लू अलर्टला कंटाळून ते बटण बंद केले असेल, त्याचा फोन अशा रात्री गप्प राहतो. झोपमोड अगदीच सहन होत नसेल तर पब्लिक सेफ्टी किंवा चाचणीचे संदेश बंद करावेत, काही फोनांत फक्त आवाज कमी करण्याची सोय असते ती वापरावी, पण ‘इमर्जन्सी’, ‘एक्स्ट्रीम’ आणि ‘सिव्हिअर’ या शब्दांपुढची बटणे चालूच ठेवावीत.

दुसरी पायरी : संदेश वाचायला शिका

मोबाइल संदेशाला जागेची मर्यादा असते. पूर्वी तो ९० अक्षरांत बसवावा लागे, २०१९ च्या अखेरीपासून नव्या नेटवर्कवर ३६० अक्षरांपर्यंत लिहिता येतो, पण जुन्या फोनसाठी छोटी आवृत्तीही लागते. म्हणून भाषा अगदी तुटक असते आणि संक्षेपांनी भरलेली असते. नव्या माणसाचा गोंधळ नेमका येथेच होतो. इंग्रजी उत्तम येत असूनही पहिल्या वाचनात काही बोध होत नाही.

समजावण्यासाठी एक काल्पनिक संदेश घेऊ : ‘ब्लू अलर्ट, अमुक काउंटी, डब्ल्यू/एम, ६ फूट, २०० एलबीएस, ग्रे हूडी, सिल्व्हर २०१९ निस्सान सेन्ट्रा, टीएक्स एलआयसी एबीसी१२३४, लास्ट सीन एनबी आय-३५, कॉल ९११’. यातले ‘डब्ल्यू/एम’ म्हणजे गौरवर्णी पुरुष. त्या जागी ‘बी/एम’ किंवा ‘एच/एम’ असेल तर अनुक्रमे कृष्णवर्णी आणि हिस्पॅनिक पुरुष. शेवटी ‘एफ’ असेल तर स्त्री. वजन पौंडांत असते. २०० पौंड म्हणजे सुमारे ९० किलो, म्हणजे चांगलाच भरदार माणूस. ‘टीएक्स’ हे नंबर प्लेट टेक्सास राज्याची असल्याचे सांगते आणि ‘एलआयसी’ किंवा ‘टॅग’ म्हणजे त्या प्लेटचा नंबर. ‘एनबी’ म्हणजे उत्तरेकडे जाणारा, ‘एसबी’ दक्षिणेकडे, ‘ईबी’ पूर्वेकडे आणि ‘डब्ल्यूबी’ पश्चिमेकडे. ‘आय-३५’ म्हणजे ३५ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग. आंतरराज्य महामार्गांपैकी विषम क्रमांकाचे मुख्य रस्ते उत्तर-दक्षिण धावतात आणि सम क्रमांकाचे पूर्व-पश्चिम, एवढे माहीत असले की ३५ क्रमांकाचा रस्ता उत्तर-दक्षिण असणार हे नकाशा न उघडता कळते.

संदेश वाचताना क्रम उलटा लावावा असे मी सुचवेन. आधी काउंटीचे नाव आणि रस्ता पाहावा, म्हणजे हे आपल्या आसपासचे आहे की राज्याच्या दुसऱ्या टोकाचे, हे लगेच ठरते. आपल्या काउंटीचे नाव आणि शेजारच्या चार-पाच काउंट्यांची नावे ज्याला ठाऊक नाहीत त्याला कोणताच इशारा नीट वाचता येत नाही, मग तो पोलिसांचा असो की हवामान खात्याचा. नव्या घरात सामान लावून झाले की ही नावे कागदावर लिहून फ्रिजवर लावावीत. त्यानंतर गाडीचा रंग, प्रकार आणि प्लेट पाहावी, आणि माणसाचे वर्णन शेवटी. कपडे बदलता येतात, टोपी काढता येते, आणि ‘सहा फूट उंच, करडा हूडी’ या वर्णनात बसणारी शेकडो निरपराध माणसे कोणत्याही शहरात असतात. नंबर प्लेट मात्र एकाच गाडीची असते. केवळ वर्ण आणि उंची जुळते म्हणून कोणावर संशय घेऊ नये. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांनाही अशा संशयाचा त्रास या देशात झालेला आहे, म्हणून ही खबरदारी आपण तरी काटेकोरपणे पाळावी.

गाडी चालवत असताना फोन वाजला तर तो हातात घेऊ नये. शेजारी बसलेल्याला वाचायला सांगावे, एकटे असाल तर पुढच्या एक्झिटला बाहेर पडून, गाडी उभी करून वाचावे. अनेक राज्यांत चालत्या गाडीत फोन हातात धरणे हाच गुन्हा आहे.

तिसरी पायरी : काही दिसले तर

बहुतेक वेळा काहीच दिसत नाही आणि काहीच करावे लागत नाही. संदेश वाचला, आपल्या भागाशी संबंध नाही असे दिसले, की तो मिटवून आपले काम चालू ठेवावे. इशाऱ्यात नाव असलेल्या भागातच असाल तर घराचे, गॅरेजचे दार आणि गाडी कुलूपबंद आहे ना एवढे पाहावे, अंगणातल्या मुलांना आत बोलवावे आणि संशयित पकडला गेल्याचे कळेपर्यंत अनोळखी माणसाला दार उघडू नये.

जुळणारी गाडी दिसली, तर पाठलाग करू नये, समोर जाऊन अडवू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये. ज्याने शस्त्रधारी पोलिसावर हल्ला केला आहे, तो आपल्यावर हल्ला करायला कचरणार नाही. सुरक्षित अंतरावरून ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा. फोन उचलल्यावर पहिले वाक्य जागेचे असावे, कारण मध्येच फोन तुटला तरी मदत कुठे पाठवायची ते त्यांना कळलेले असते. महामार्गावर असाल तर रस्त्याचा क्रमांक, दिशा आणि जवळचा एक्झिट क्रमांक किंवा कडेच्या छोट्या हिरव्या पाटीवरचा मैलाचा आकडा सांगावा. गावात असाल तर चौकातल्या दोन्ही रस्त्यांची नावे सांगावीत. त्यानंतर ‘ब्लू अलर्टमधली गाडी पाहिली असे वाटते’ हे सांगून रंग, प्लेटचे जेवढे आकडे दिसले तेवढे, गाडी कुठे वळली आणि किती मिनिटांपूर्वी, हे सांगावे. खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असे स्पष्ट म्हणावे, त्यात कमीपणा नाही. उलट नसलेली खात्री दाखवल्याने एखाद्या निरपराध माणसावर बंदुका रोखल्या जाऊ शकतात. समोरची व्यक्ती ‘आता ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नये.

इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या आई-वडिलांना एक गोष्ट पाठ करून द्यावी. ९११ वर आपल्या भाषेचे नाव सांगितले, म्हणजे ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढा एक शब्द उच्चारला, तर फोनवर दुभाष्याची सोय होऊ शकते. हिंदीचा दुभाषी सहसा लवकर मिळतो. दुभाषी येईपर्यंत घराचा पत्ता तेवढा इंग्रजीत सांगता यायला हवा, म्हणून तो त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावा.

‘हा इशारा कशाबद्दल आहे?’ असे विचारण्यासाठी मात्र ९११ ला फोन करू नये. अशा वेळी त्या लाइनवर खरी माहिती देणारे आणि खरे संकटात सापडलेले लोक थांबलेले असतात.

आपलीच गाडी जुळत असेल तर

याबद्दल फार कमी लिहिले जाते आणि नव्याने आलेल्यांना याचीच सर्वांत जास्त गरज असते. टोयोटा कॅमरी, होंडा सिव्हिक, निस्सान सेन्ट्रा या गाड्या इतक्या सर्रास आहेत की एखाद्या दिवशी इशाऱ्यातली गाडी आणि आपली गाडी एकाच रंगाची, एकाच प्रकारची निघू शकते. शक्य असेल तर इशारा चालू असेपर्यंत त्या भागात गाडी बाहेर काढू नये. काढावीच लागली आणि मागे पोलिसांचे दिवे लागले, तर सिग्नल देऊन सावकाश उजव्या कडेला थांबावे, इंजिन बंद करावे, रात्र असेल तर आतला दिवा लावावा, खिडकी खाली करावी आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर उघडे दिसतील असे ठेवावेत. मागे-पुढे बसलेल्यांनीही हात समोर दिसतील असे ठेवावेत.

भारतात पोलिसांनी अडवले की गाडीतून उतरून त्यांच्याकडे चालत जाण्याची सवय अनेकांना असते. येथे ती पूर्णपणे सोडावी. सांगितल्याशिवाय दार उघडू नये, कागदपत्रांसाठी डॅशबोर्डच्या कप्प्याकडे किंवा खिशाकडे हात नेऊ नये. पोलिसावर हल्ला झालेला असताना थांबवणारे अधिकारी तणावाखाली असतात. ते नेहमीसारखे खिडकीपाशी न येता दूर उभे राहून, बंदुका रोखून, ध्वनिवर्धकावरून एकेक आज्ञा देऊ शकतात. ‘किल्ल्या बाहेर टाका’, ‘हात वर करून मागे चालत या’ अशा त्या आज्ञा असतात. ज्या सांगितल्या तेवढ्याच, सावकाश आणि त्याच क्रमाने पाळाव्यात. आज्ञा समजली नाही तर हात न हलवता मोठ्याने ‘समजले नाही’ असे इंग्रजीत म्हणावे. आपण निर्दोष आहोत हे पटवून देण्याची घाई रस्त्यावर करू नये. प्लेट तपासली की गैरसमज बहुधा काही मिनिटांत दूर होतो, आणि वागणूक चुकीची वाटली तर तक्रार नंतर लेखी करता येते, वकिलाचा सल्ला घेता येतो. मुले गाडीत असतील तर त्यांच्याशी शांत आवाजात, समोर पाहतच बोलत राहावे.

संदेश पुढे पाठवण्याबाबत

बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या गावोगावच्या मराठी मंडळांचे व्हॉट्सॲप गट नव्या माणसाला मोठा आधार असतात, आणि म्हणूनच तेथे पडलेल्या शब्दाला वजन असते. ब्लू अलर्टचा मूळ संदेश टॉवरच्या कक्षेतल्या सगळ्यांना आधीच मिळालेला असतो. तो पुढे पाठवायचाच असेल तर आहे तसा, दिवस आणि वेळ लिहून पाठवावा, आणि इशारा मागे घेतला गेल्यावर तेही त्याच गटात कळवावे. जुन्या इशाऱ्याचा फोटो तीन दिवसांनी फिरत राहतो आणि तोवर पकडल्या गेलेल्या माणसाच्या गाडीसारखी गाडी चालवणाऱ्या भलत्याच्याच मागे लोक लागतात.

संशयिताचे नाव कळले म्हणून समाजमाध्यमांवर त्या नावाच्या माणसांचे फोटो शोधून टाकू नयेत. एका नावाची अनेक माणसे असतात. पोलिसांच्या गाड्या कुठे उभ्या आहेत, हेलिकॉप्टर कोणत्या वस्तीवर फिरते आहे याचे थेट चित्रीकरणही टाकू नये, कारण पळालेला माणूसही फोन पाहत असतो. अधिकारी बेपत्ता असेल तर या पथ्याचे महत्त्व दुप्पट होते. तो कुठेतरी जखमी होऊन पडलेला किंवा कोणाच्या ताब्यात असू शकतो, आणि त्याच्या घरची माणसेही हेच संदेश वाचत असतात. ज्याची अधिकृत घोषणा झालेली नाही अशा मृत्यूची बातमी गटावर टाकणे म्हणजे एखाद्या आईला ती गटावरून कळवण्यासारखे आहे.

खोटे संदेशही येतात. खरा इशारा त्या ठरलेल्या सुरात, पूर्ण पडद्यावरच्या चौकटीत येतो आणि त्याला उत्तर पाठवता येत नाही. त्यात अधिक माहितीसाठी सरकारी संकेतस्थळाचा दुवा असू शकतो, पण तो आपले नाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा पैसे कधीही मागत नाही. साध्या एसएमएसने किंवा फोन करून ‘ब्लू अलर्टमध्ये तुमच्या गाडीचा नंबर आहे, दंड भरा’ असे कोणी सांगितले तर ती फसवणूक समजावी आणि फोन ठेवून द्यावा.

इशारा संपला हे कसे कळते

संशयित सापडला, बेपत्ता अधिकारी मिळाला किंवा ठरलेली मुदत संपली की इशारा रद्द होतो. तो येताना जसा आवाज झाला तसा जाताना होईलच असे नाही, पुष्कळदा हायवेवरच्या फलकावरून ओळ नुसती निघून जाते. अशा वेळी सुरुवातीला शोधून ठेवलेले खात्याचे नाव कामी येते. टेक्सास डीपीएस, कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल आणि फ्लोरिडाचा कायदा अंमलबजावणी विभाग आपापल्या संकेतस्थळांवर इशाऱ्यांची माहिती देतात. स्थानिक टीव्ही वाहिनीचे पानही पाहावे. रात्री इशारा आला असेल तर सकाळी मुलांना शाळेच्या बसथांब्यावर सोडण्याआधी शाळेकडून काही संदेश आला आहे का, हेही बघून घ्यावे, कारण घटना जवळची असेल तर शाळा उशिरा उघडण्याचा किंवा दारे बंद ठेवून वर्ग चालवण्याचा निर्णय घेतात आणि तो पालकांना स्वतंत्रपणे कळवतात.

नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाताना ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीची नोंदणी बदलण्याच्या यादीत या दोन गोष्टी जोडाव्यात : नव्या राज्यात ब्लू अलर्ट कोण देतो ते पाहणे, आणि नव्या काउंटीची व तिच्या शेजाऱ्यांची नावे लिहून फ्रिजवरचा कागद बदलणे. भारतातून आई-वडील राहायला येतील तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना फोनचा तो आवाज इंटरनेटवरून एकदा ऐकवावा आणि आपण कामावर असताना तो वाजला तर आधी आपल्याला फोन करून संदेश वाचून दाखवायला सांगावे.